गप्पांची वही, हिशेबाची वही



छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता. थोरल्या कन्येकडे मेलबर्नला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात तो समज गळून पडला. तिच्या शेजारी लोकरीच्या दलालीतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. दलाली, वजनकाटा, उधारी हे विषय दोघांच्याही जिव्हाळ्याचे, त्यामुळे कुंपणापाशी आमची गट्टी लवकर जमली. एके दिवशी मी त्यांना म्हटले, ‘‘उद्या आम्ही डँडेनाँगच्या डोंगरात फिरायला जाणार आहोत.’’ त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. ‘‘अवश्य जा, पण उंच झाडाखाली थांबू नका. ड्रॉप बेअर असतात.’’

ड्रॉप बेअर म्हणजे कोआलाचा मांसाहारी भाऊबंद. आकाराने बिबट्याएवढा, झाडाच्या शेंड्यावर दबा धरून बसणारा आणि खालून जाणाऱ्याच्या मानगुटीवर अचूक उडी घेणारा. त्यातही परदेशी माणसाची त्याला विशेष आवड. उपाय एकच : कानामागे व्हेजिमाइट चोळायचे. हा यीस्टपासून केलेला काळा, खारट लेप तिकडे पावाला लावून खातात. ‘‘यीस्टचा पदार्थ अंगालासुद्धा नको,’’ असा सौ.ने तत्काळ निर्वाळा दिला. गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘टूथपेस्टही चालेल.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर कन्येने विचारले, ‘‘बाबा, कानामागे काय लागले आहे?’’ मी सविस्तर खुलासा केला. त्यानंतर त्या घरात जे हास्य उसळले, ते मी परत येईपर्यंत पुरते शमले नव्हते. ड्रॉप बेअर नावाचा प्राणी पृथ्वीवर नाही. नवख्या पाहुण्याला घाबरवण्यासाठी ऑस्ट्रेलियन माणसाने तो निर्माण केला आहे. सिडनीच्या ‘ऑस्ट्रेलियन म्युझियम’सारख्या प्रतिष्ठित संस्थेनेही आपल्या प्राणिमाहितीत या काल्पनिक जनावराची लॅटिन नावासह नोंद करून ठेवली आहे! संग्रहालयच थापेवर शिक्का मारत असेल, तर बिचाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने काय करावे?

शरमिंदा होऊन मी कुंपणापाशी गेलो. शेजारी म्हणाले, ‘‘वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे नव्या माणसाचे खाते असेच उघडतात.’’

तेथून त्या देशातल्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या गप्पा गोळा करण्याचा मला छंद जडला. या गप्पांना इतिहास आहे. १७८८ च्या जानेवारीत इंग्लंडहून कैद्यांनी भरलेली जहाजे सिडनीच्या किनाऱ्याला लागली. मागाहून स्वखुशीने येणारे शेतकरी, मेंढपाळ आणि सोने शोधणारे आले. मुलूख अफाट, शेजारी कोसावर आणि जनावरे अशी की इंग्लंडमधल्या कोणत्याही पुस्तकात त्यांचा पत्ता नाही. दिवसभर मेंढ्या राखायच्या आणि रात्री शेकोटीभोवती बसून थापा मारायच्या, एवढीच करमणूक होती. सकाळी कुकाबुरा पक्षी माणसासारखा खदखदून हसला की उठायचे, संध्याकाळी तो पुन्हा हसला की काम थांबवायचे. आपल्या खंड्याचाच हा थोरला भाऊबंद. त्याला वसाहतकऱ्यांनी ‘सेटलर्स क्लॉक’, म्हणजे वसाहतकऱ्याचे घड्याळ, असे नाव दिले होते. ज्या देशात घड्याळच हसते, तेथील लोक गप्पिष्ट झाले तर नवल नाही.

त्यांच्या गप्पांत स्पीवा नावाचा एक काल्पनिक मेंढपाळी मुलूख आहे आणि तेथील क्रुकेड मिक हा पराक्रमी गडी आहे. स्पीवाला धुळीची वादळे इतकी दाट, की ससे त्यांत बिळे खोदतात. तेथील इमू पक्ष्याची अंडी एवढी मोठी, की ती पोखरून माणसे आत संसार थाटतात. मजुरांच्या भोजनशाळेतील पातेले एवढे प्रचंड, की आचारी होडीत बसून ते ढवळतो. अशी थाप ऐकून कोणाचे काही बिघडत नाही. सांगणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख असतो.

कांगारू या नावाचीच गंमत पाहा. कॅप्टन कुकच्या माणसांनी बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले, तेव्हा तेथील रहिवासी आपल्या भाषेत ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणाला आणि तेच नाव पडले, ही कथा आपणही शाळेत ऐकली असेल. ती निव्वळ थाप आहे. १७७० मध्ये कुकचे जहाज दुरुस्तीसाठी ईशान्य किनाऱ्यावर थांबले होते. तेथील गुगू यिमिथिर लोकांच्या भाषेत ‘गंगुर्रू’ हे एका विशिष्ट जातीच्या कांगारूचे नाव आहे. कुकच्या मंडळींनी ते बरेचसे बरोबर टिपून घेतले. खरा विनोद पुढे घडला. इंग्रजांनी हा शब्द शेकडो कोस दक्षिणेला सिडनीला नेला आणि तेथील मूळ रहिवाशांपुढे उच्चारला. त्यांची भाषा वेगळी. त्यांना वाटले, हा गोऱ्यांचा शब्द आहे. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, जहाजातून गाई उतरल्या तेव्हा कोल्बी नावाच्या स्थानिक माणसाने त्याला विचारले, ‘‘हे कांगारू आहेत का?’’ शाखा बदलली की एकाच खात्याचे नाव कसे बदलते, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको.

प्लॅटिपसची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. बदकाची चोच, बीव्हरसारखी चपटी शेपटी, अंगावर मऊ लव आणि पायाला पडदे असलेल्या या प्राण्याचे कातडे गव्हर्नर हंटर यांनी १७९८ मध्ये इंग्लंडला पाठवले. दुसऱ्या वर्षी जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले खरे, पण हे कोणा चलाखाने दोन प्राणी शिवून केलेले बनावट जनावर तर नव्हे, ही शंका विद्वानांची पाठ सोडीना. टाके दिसतात का, म्हणून कातडे तपासले गेले. टाके नव्हते. पुढे हा प्राणी अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो हे निष्पन्न झाले, तेव्हा शंका घेणाऱ्यांची बोटे तोंडातच राहिली. खऱ्याला खोटे समजण्याची चूक येथे झाली. परंतु ती सावधपणाच्या बाजूने झाली. व्हाउचर तपासल्याशिवाय नोंद करायची नाही, हा आमचाही नियम होता.

आता पैशाची गोष्ट. रानात एक कांगारू धक्का लागून निपचित पडतो. तो मेला असे समजून प्रवासी थट्टेने आपले जाकीट त्याच्या अंगावर चढवतात आणि छायाचित्र घेण्यासाठी मागे सरकतात. तेवढ्यात कांगारू शुद्धीवर येतो आणि जाकिटासह उड्या मारत रानात नाहीसा होतो. खिशात पैशाचे पाकीट, मोटारीची किल्ली आणि पारपत्र! जुन्या आवृत्तीत मोटारीऐवजी घोडे आहेत आणि पाकिटाऐवजी सोन्याचे घड्याळ आहे. पिढ्या बदलल्या तसा कांगारूने नेलेला ऐवज बदलला. ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात आले, की ज्या प्राण्याला निसर्गाने जन्मतः खिसा दिला, त्याला आपण दुसरा खिसा चढवण्याचे कारण काय?

हे मनात आले ते गमतीने. पण तिकडे लोकांनी रानटी प्राणी पाळण्याचे जे प्रकार केले, ते वाचत गेलो तसा तोच प्रश्न गंभीर होत गेला.

सिडनीजवळ टॉम अग्लीज पॉइंट येथील एका खानावळीत कॉकी बेनेट नावाचा काकाकुवा होता. १९१६ मध्ये तो मेला तेव्हा त्याचे वय ११९ वर्षे असल्याचे सांगण्यात आले. अंगावरची पिसे केव्हाच झडून गेली होती, चोच वाढून वाकडी झाली होती आणि तरीही त्याची बडबड चालू होती. ‘आणखी एकच पीस असते तर उडालो असतो’, अशा अर्थाचे त्याचे पेटंट वाक्य ऐकायला लोक गर्दी करत आणि हसत. मलाही प्रथम हसू आले. मग ते वाक्य पुन्हा वाचले. आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला हे वाक्य कोणी शिकवले असेल आणि त्याचा अर्थ त्या शिकवणाऱ्याला कधी कळला असेल का?

या प्राण्यांची हौस समुद्र ओलांडून लंडनलाही पोहोचली. चित्रकार आणि कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने चेल्सीतील आपल्या घरी मोर, आर्माडिलो, कांगारू असे प्राणिसंग्रहालयच जमवले होते. त्याच्या मोरांच्या ओरडण्याने शेजारी इतके त्रासले, की पुढे त्या भागातील भाडेपट्ट्यांत मोर पाळण्यास मनाईचे कलम आले, असे सांगतात. भाडेपट्ट्याची असंख्य कलमे मी वाचली, पण मोराचे कलम कधी पाहिले नाही! १८६९ च्या सप्टेंबरात त्याने मोठ्या हौसेने वॉम्बॅट आणवला. हा अस्वलाच्या पिलासारखा दिसणारा, गुबगुबीत, जमिनीत लांबलचक बिळे खोदणारा, पोटपिशवीचा प्राणी. रोझेटीने त्याचे नाव ‘टॉप’ ठेवले, त्याच्यावर कविता केल्या, चित्रे काढली. नोव्हेंबरात टॉप मेला. दोन महिन्यांचे प्रेम! ज्याचे आयुष्य जमिनीखाली खोदण्यात जायचे, त्याला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर किती दिवस काढता येणार?

खेड्यातल्या वसाहतकऱ्यांची चूक याहून साधी होती. कांगारूच्या मादीची शिकार झाली की पिशवीतले पिलू घरी यायचे. मुले ते छातीशी धरायची आणि घरची माउली मायेने त्याला गाईचे दूध पाजायची. या पिलांना गाईच्या दुधातील साखर पचत नाही. हगवण लागते, कित्येकदा डोळ्यांत मोतीबिंदू होतो आणि पिलू दगावते. दूध पाजणाऱ्या हाताला याची कल्पनाही नसे.

आपल्याकडे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत ते घोकताना मला नेहमी प्रश्न पडायचा, की वधाच्याही आधी बंध कसा आला? मारणे मोठे की बांधणे? कॉकी बेनेट आणि टॉप यांच्या गोष्टी वाचल्यावर या क्रमाचे मर्म मला वेगळ्या रीतीने उमगले. बांधणारा बहुधा स्वतःला प्रेमळच समजत असतो. मारणाऱ्याला निदान आपण मारतो आहोत हे ठाऊक असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट आहे. तेथे लांडग्यासारख्या बांध्याचा, पाठीवर काळे पट्टे असलेला एक प्राणी होता. त्यालाही पोटपिशवी होती. म्हणजे नाते वाघाशी नव्हते, लांडग्याशीही नव्हते, कांगारूच्या कुळाशी होते. वसाहतकऱ्यांनी त्याला कधी लांडगा म्हटले, कधी तरस, आणि अखेर ‘टास्मानियन वाघ’ हे नाव कायम झाले. शेकोटीभोवतीच्या गप्पांत हा वाघ दिवसेंदिवस मोठा होत गेला. मेंढी मेली की वाघाने मारली. भटक्या कुत्र्यांनी मारली, थंडीने मेली, चोरीला गेली, मालकाच्या हलगर्जीने गेली, तरी खर्च वाघाच्याच नावे पडू लागला. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत त्याला ‘किरकोळ तूट खाते’ म्हणता येईल : ज्या तुटीचा मेळ लागत नाही, ती तेथे ढकलायची.

१८८६ मध्ये जॉन लाइन नावाच्या मेंढपाळ सभासदाने तेथील विधिमंडळात ठराव मांडला, की हा वाघ हजारो मेंढ्या फस्त करतो, तेव्हा सरकारने त्याच्या शिरावर इनाम लावावे. मतदान झाले. बाजूने १२, विरुद्ध ११. एका मताने ठराव संमत झाला. १८८८ पासून सरकारने प्रत्येक मोठ्या वाघामागे १ पौंड आणि पिलामागे १० शिलिंग देण्यास प्रारंभ केला. १९०९ पर्यंत ही योजना चालली आणि तेवढ्या काळात सरकारी खजिन्यातून २,१८४ इनामे दिली गेली.

वाचकहो, हा आकडा मी कितीतरी वेळ पाहत बसलो. आयुष्यभर मी अशीच रकान्यांची पुस्तके तपासली. तारीख, नाव, रक्कम, सही. प्रत्येक ओळ बिनचूक, बेरीज बरोबर, पैचाही फरक नाही. असे पुस्तक माझ्यासमोर आले असते तर मी तळाशी हिरव्या शाईने ‘तपासले’ असे लिहून मोकळा झालो असतो. ज्या दाव्यावर हा सगळा खर्च उभा होता, त्या दाव्याचे व्हाउचर कोठे आहे, हे विचारण्याची बुद्धी मला झाली असती का? अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याच्या कवटीचा अभ्यास करून सांगितले आहे, की पूर्ण वाढलेली मेंढी मारण्याइतका जोर त्याच्या जबड्यात नव्हता.

१० जुलै १९३६ रोजी सरकारने या प्राण्याला कायद्याचे संरक्षण दिले. त्या वेळी एकच वाघ माणसांच्या माहितीत उरला होता, तो होबार्ट शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात. ७ सप्टेंबर १९३६ रोजी तो मेला. कायदा झाल्यापासून ५९ दिवसांनी. रात्रीच्या निवाऱ्याचे दार बंद राहिल्याने तो उघड्यावर थंडीत सापडला, असे सांगतात. ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा दिवस आता संकटग्रस्त प्राण्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

वाघ मेंढ्या तरी खातो असा संशय होता. कोआलावर तसा कोणताच आरोप नव्हता. तो निलगिरीच्या पानांवर जगणारा, दिवसाचा बहुतेक वेळ झोपणारा जीव. पण त्याच्या लोकरी कातड्याला परदेशी बाजारात भाव होता. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलंडच्या सरकारने शिकारीला मुभा दिली आणि सुमारे ६ लाख कोआला मारले गेले. ज्या कोआलाच्या नावाने माझ्या शेजाऱ्यांनी मला टूथपेस्ट लावायला लावली, त्या कोआलाने माणसाच्या मानगुटीवर कधीच उडी घेतली नव्हती. मानगूट धरली होती ती माणसाने त्याची.

तेव्हा गप्पांची वही आणि हिशेबाची वही यांतला फरक मला असा दिसतो. इमूच्या अंड्यात संसार करणारे लोक गप्पांच्या वहीत आहेत. तेथे ते सुखाने नांदोत. पण थाप त्या वहीतून निघून हिशेबाच्या वहीत शिरली, तिच्यापुढे रक्कम लागली आणि खाली सही झाली, की ती कोणाचा तरी जीव घेते. खुद्द त्या देशाच्या जन्माच्या वेळीच अशी एक नोंद झाली होती. हजारो वर्षे तेथे राहणारी माणसे समोर दिसत असताना, ही जमीन कोणाचीच नाही, असे गृहीत धरून गोऱ्यांनी ती आपल्या नावावर लावली. ती नोंद चुकीची होती, असा निर्णय द्यायला तेथील सर्वोच्च न्यायालयाला १९९२ साल उजाडावे लागले.

त्याच देशाने आता जे शिकून घेतले आहे, तेही सांगितले पाहिजे. हमरस्त्यावर मोटारीच्या धक्क्याने कांगारू मेला तर पिशवीत पिलू जिवंत आहे का, हे पाहायला तेथे लोकांना सांगतात. सरकारी परवाना असलेले हजारो स्वयंसेवक अशी पिले घरी वाढवतात. मी अशी एक बाई पाहिली. निवृत्त शिक्षिका. दाराच्या मुठीला कापडी पिशवी टांगलेली आणि आत पिलू. दुधातली साखर काढून तयार केलेले खास दूध ती दर चार तासांनी, रात्रीसुद्धा उठून, पाजत होती. मी सहज विचारले, ‘‘याचे नाव काय ठेवले?’’ ती म्हणाली, ‘‘वहीत नोंद करण्यापुरते आहे. पण मी त्याला फार हाका मारत नाही. वर्षाने त्याला रानात जायचे आहे. माझ्या आवाजाची सवय लागली तर तो शिकाऱ्याच्या आवाजालाही येईल.’’

रात्री चार-चार तासांनी उठायचे, आणि हाक मात्र मारायची नाही! मी तिच्या घरातून बाहेर पडलो तेव्हा जीवदया आणि परिग्रह यांच्यामधली रेषा मला पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. पिंजऱ्याला कडी लावताना आपण ‘माझा’ म्हणतो. तिने तो शब्द तेवढा टाळला होता. दिल्लीला लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथेही बऱ्या झालेल्या पक्ष्याला पिंजऱ्यात परत न देता मोकळ्या आकाशात सोडण्याची रीत आहे. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही दोन ठिकाणे, पण आचरण एकच.

येथवर दुसऱ्याच्या वह्या तपासल्या. आता स्वतःची उघडतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. पर्युषणाचे दिवस होते. बाजारात एक माणूस पिंजरा घेऊन बसलेला दिसला. आत मुनिया कोंबलेल्या. मी बाराच्या बारा विकत घेतल्या आणि मंदिरासमोर सोडून दिल्या. भुर्रकन उडालेले ते पक्षी पाहून मुलांनी टाळ्या पिटल्या आणि माझे मन भरून आले. त्या दिवशीच्या खर्चाच्या वहीत मी लिहिले : ‘जीवदया’. पुढच्या वर्षी पर्युषण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तोच माणूस दोन पिंजरे घेऊन थेट बँकेच्या दारात उभा राहिला. हसतमुखाने म्हणाला, ‘‘साहेब, यंदा तुमच्यासाठी मुद्दाम जास्त धरून ठेवल्या आहेत.’’

माझ्यासाठी धरून ठेवल्या आहेत! पकडताना जाळ्यात किती मेल्या असतील, पिंजऱ्यात किती मेल्या असतील, आणि सोडल्यावर त्यातल्या किती पुन्हा त्याच्याच जाळ्यात आल्या असतील? मी ज्याला दान समजत होतो, ती त्याच्या दृष्टीने आगाऊ मागणी होती. टास्मानियाच्या सरकारने डोक्यामागे पौंड दिला आणि त्याला डोकी मिळाली. मी सुटकेमागे रुपये दिले आणि माझ्यासाठी कैद तयार झाली. ज्याला भाव मिळतो तो माल बाजारात वाढतो, हे मी कर्जदारांना रोज समजावून सांगत होतो. स्वतःच्या वहीत मात्र ‘जीवदया’ लिहून मी हिरव्या शाईने सही केली होती. त्या वर्षी मी पक्षी घेतले नाहीत. तो माणूस नाराज होऊन गेला, आणि त्या दोन पिंजऱ्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून या पर्युषणाच्या तोंडावर हात जोडून विनंती करावीशी वाटते. सोडण्यासाठी पक्षी विकत घेऊ नयेत. तोच पैसा पांजरपोळाला, पक्ष्यांच्या रुग्णालयाला द्यावा, उन्हाळ्यात पाण्याच्या कुंड्यांना लावावा. आपल्या घरी पोपट असेल किंवा कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून भरभराटीसाठी गल्ल्याजवळ काचेच्या पेटीत चांदणी कासव आणून ठेवले असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हे ध्यानात घ्यावे. परंतु चटकन दिसेल त्या तळ्यात वा रानात ते सोडूनही देऊ नये. ज्याला ते ठिकाण परके आहे तो जीव तेथे जगेलच असे नाही. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते त्यांच्या स्वाधीन करावे. ज्याला स्वतःच्या पाठीवरचे घर घेऊन स्वतःच्या वाटेने जाता येत नाही, ते कासव आपल्या दुकानाची भरभराट कोठून आणणार?

मेलबर्नहून निघताना शेजारी निरोप द्यायला आले होते. मी त्यांना म्हटले, ‘‘आमच्या गावाकडे आलात तर जपून या. आमच्याकडे एक जनावर आहे. ते परदेशी पाहुण्यांना पाहताच त्यांच्या ताटात पुरणपोळ्या वाढत सुटते. उपाय एकच : ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे.’’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘हे नोंदवून ठेवतो.’’

ही नोंद मात्र त्यांनी गप्पांच्या वहीतच करावी, असे मी त्यांना सांगितले नाही; कारण ते खरे होते.

संवत्सरीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. यंदा माझ्या यादीत त्या दुसऱ्या वर्षीच्या दोन पिंजऱ्यांतल्या मुनिया आहेत. मिच्छामि दुक्कडं.